माळ्यावरचें इंजिन

बहुतेक घरांत एक तरी अशी पेटी असते कीं, जिला कोणी हात लावीत नाहीं आणि जी कोणी टाकूनहि देत नाहीं. कोणाच्या पेटींत अर्धी विणलेली शाल असते, कोणाच्या कपाटांत चौथ्या पानावर थांबलेली कुळाची वंशावळ असते, कोणाकडे तारा न चढविलेली सतार भिंतीस टेकून उभी असते. दिवाळीच्या साफसफाईंत ती वस्तु खालीं येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते, ‘पाहूं केव्हां तरी’ असें कोणी तरी म्हणतें आणि ती पुन्हां माळ्यावर जाते. अशा थांबलेल्या कामाचें करावें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उपदेश करण्याचा शिक्षकाचा जुना रोग मलाहि आहे. परंतु आज उपदेशापेक्षां एका लहानशा इंजिनाची हकीकत सांगावी आणि तींतून जें निघेल तें निघूं द्यावें, असें मीं योजिलें आहे.

हें इंजिन माथेरानच्या गाडीचें; म्हणजे अर्थात् त्याची प्रतिकृति. नेरळ ते माथेरान हा सुमारें २१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९०७ सालीं वाहतुकीस खुला झाला. सर आदमजी पीरभॉय यांचें द्रव्य, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा सल्ला, अशा तिहींच्या योगानें तो उभा राहिला. हेच कॅलथ्रॉप बार्शी लाइट रेल्वेचेहि जनक होत. माथेरानच्या रुळांमधील अंतर अवघें दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या गाडीच्या रुळांमध्यें तेंच अंतर १६७६ मिलिमीटर असतें. चढ कित्येक ठिकाणीं वीस फुटांस एक फूट असा, आणि वळणें अशीं कीं पुढचें इंजिन मागच्या डब्यांतील उतारूंस खिडकींतून समोर दिसावें.

या मार्गासाठीं जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यानें चार इंजिनें बांधून दिलीं. पुढें त्यांस ७३८ ते ७४१ असे क्रमांक मिळाले. त्यांच्या पोटांत एक मोठी युक्ति होती. तीन आंस, सहा चाकें आणि तीं सहाहि जोडदांड्यांनीं एकमेकांस जखडलेलीं, अशी ताठ रचना तीव्र वळणावर अडते. रुळहि झिजतात आणि चाकेंहि झिजतात. सॅक्सनीच्या राजकीय रेल्वेंतील क्लीन आणि लिंडनर या दोघांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर तोड काढली. पुढच्या व मागच्या आंसाभोंवतीं त्यांनीं एक पोकळ आंस बसविला आणि चाकें त्या पोकळ आंसावर चढविलीं. आंतला आंस चौकटींत सरळ राहून फिरतो आणि मध्यभागीं असलेल्या गोलकाच्या योगानें बाहेरच्यास फिरवितो. बाहेरचा मात्र वळण येईल तसा किंचित् कलतो. त्यामुळें दांडे समांतरच राहतात आणि चाकें वळतात. संसारांतहि अशीच कांहीं सोय असती तर पुष्कळ घरांतील खडखडाट थांबला असता.

वाफेचीं हीं इंजिनें १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कामांतून निवृत्त झालीं. आज त्यांतील एक नेरळला, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आणि एक इंग्लंडांत जतन केलेलें आहे. मार्गावर आतां डिझेलचीं इंजिनें चालतात.

त्या काळीं मी कर्जत तालुक्यांत प्राथमिक शिक्षक होतों. माझ्या शेजारीं एक निवृत्त फिटर राहत. आम्ही सारे त्यांस फिटरकाका म्हणत असूं. याच इंजिनांच्या दुरुस्तींत त्यांचें आयुष्य गेलें होतें. ‘मास्तर, हें इंजिन आतां चालतांना कोणास दिसायचें नाहीं, आपण एक लहानसें चालतें करूं,’ असें ते १९८८ सालीं मला म्हणाले. माझ्या मेहुण्यांची नोकरी आगबोटीवर होती. त्यांनीं त्याच वर्षीं परदेशांतून एक खेळांतलें विजेचें इंजिन आणलें होतें. तें नऊ मिलिमीटर रुळांवर चालणारें, सहा चाकांचें आणि रूपानें अगदीं निराळें होतें. त्याचें वरचें कवच काढावयाचें, यंत्र ठेवावयाचें आणि त्यावर माथेरानच्या इंजिनाचें शरीर चढवावयाचें, असा आमचा बेत ठरला. या छंदांतील लोक अशा कामास रूपांतर म्हणतात.

येथें थोडें अंकगणित सांगणें प्राप्त आहे. तें टाळलें तर माझी शिक्षकी फुकट गेली असें होईल. आम्हीं प्रमाण घेतलें एकास शहात्तर. त्या प्रमाणानें ६१० मिलिमीटरांचे आठ मिलिमीटर होतात; आमचें यंत्र मात्र नऊ मिलिमीटरांचें. हा एक मिलिमीटर डोळ्यांस खुपला असता. पण मूळ इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेरून आहे आणि चाकें तिच्या आड झांकलीं जातात. चौकट बरोबर बसली कीं आंतला तो एक मिलिमीटर कोणास दिसत नाहीं. विलायतेंत १९६० नंतर अरुंद रुळांच्या गाड्यांच्या प्रतिकृति करण्याची जी लाट आली, ती पुष्कळशी या नऊ मिलिमीटरांच्या स्वस्त यंत्रांमुळेंच आली. मोठ्या गाडीचें अति लहान यंत्र घ्यावयाचें आणि लहान गाडीचें मोठें अंग त्यावर चढवावयाचें, एवढेंच त्यांतलें रहस्य.

दुसरा हिशेब वेगाचा. माथेरानची गाडी ताशीं वीस किलोमीटरांवर जात नाहीं. शहात्तरानें भागिलें म्हणजे प्रतिकृतीचा वेग सेकंदास सुमारें सव्वासात सेंटिमीटर येतो. आमच्या चाकाचा व्यास नऊ मिलिमीटर. तेव्हां चाकानें मिनिटास सुमारें १५५ फेरे घ्यावयाचे. मोटरीच्या दांड्यावर मळसूत्र आहे आणि तें तीस दांतांच्या चाकास फिरवितें. म्हणून मोटरीनें मिनिटास सुमारें ४,६५० फेरे घेतले पाहिजेत. मूळ मोटर याच्या दुपटीहून अधिक धांवे. म्हणून गाडी डोंगर चढण्याऐवजीं डोंगरावरून पडल्यासारखी पळत असे.

काकांनीं नेरळला जाऊन, परवानगी घेऊन, दोरी आणि फीत लावून इंजिनाचीं मापें घेतलीं. तीं सर्व एका शंभर पानी वहींत उतरलीं. पितळी पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या त्यांनीं स्वतः कापल्या. पत्रा उलटा ठेवून बोथट सुईनें एकेक रिवेट उठविला. एका टाकीवरचे मीं मागाहून मोजले ते ९२ भरले. चौकटी झाल्या, आंसांच्या टोकांस क्रँक बसल्या, एका बाजूच्या क्रँकपुढें दुसऱ्या बाजूची नव्वद अंशांनीं ठेवली. खऱ्या इंजिनांत ही रीत अशासाठीं असते कीं, एका बाजूचा दट्ट्या टोकाशीं येऊन निरुपाय झाला तरी दुसऱ्या बाजूचा जोरांत असावा. प्रतिकृतींत वाफ नाहीं. तथापि दांड्यांवरून तीनहि आंस एकत्र फिरवावयाचे तर तिलाहि हाच नियम लागू पडतो.

१९९३ च्या पावसाळ्यांत काका वारले. पाठोपाठ माझी बदली झाली. मोटरीचें लोहचुंबक दुबळें झालें होतें, तिचा सुटा भाग त्या वेळीं आपल्याकडे मिळण्याचा संभव नव्हता, आणि काकांचे हात तर कोठेंच मिळणार नव्हते. वहींतील त्यांची अखेरची नोंद अशी आहे कीं, वळणावर मागचा आंस अडतो, कारण पाहणें. इंजिन, वही आणि कापलेले पत्रे एका बिस्किटांच्या डब्यांत जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून मीं ठेवून दिले. नंतर चार गांवें बदललीं, २०१६ सालीं निवृत्त झालों. डबा मजबरोबर फिरत राहिला.

काकांच्या पत्नी, आमच्या काकू, आज नव्वदीच्या पुढें आहेत. दरवर्षीं दिवाळींत त्यांना नमस्कार करावयास मी जातों. इतर सर्व विचारपूस झाल्यावर त्या एक प्रश्न विचारीत: ‘तें इंजिन चाललें का हो?’ प्रश्नांत तक्रार नसे. पण ज्या प्रश्नांत तक्रार नसते त्याचें उत्तर देणेंच अधिक कठीण जातें. २०२२ सालीं माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंचें काम झालें आणि कित्येक वर्षांनीं सुईचें नेढें मला स्पष्ट दिसलें. दुसऱ्या वर्षीं डबा खालीं काढला. तीस वर्षें झालीं होतीं. एकीकडे डोळे परत आले होते, दुसरीकडे काकूंचें वय थांबत नव्हतें. याहून अधिक सयुक्तिक मुहूर्त कोणत्या पंचांगांत मिळणार?

जुनें काम पुन्हां हातीं घेणाऱ्यांस माझें पहिलें सांगणें हें कीं, पहिल्या दिवशीं कांहींहि दुरुस्त करूं नये. फक्त यादी करावी. मी चार संध्याकाळ नुसती यादीच करीत होतों. काय शाबूत आहे, काय झिजलें आहे, काय हरवलें आहे, असे तीन रकाने केले. यादी केल्यानें एक मोठा लाभ होतो. माळ्यावर असतांना कामाविषयीं मनांत जी एक धूसर भीति असते, तिचे मोजतां येण्याजोगे तुकडे होतात. माझ्या यादींत सत्तावीस बाबी शाबूत, सहा झिजलेल्या आणि दोन हरवलेल्या निघाल्या. तीस वर्षें ज्या कामास मी अवघड म्हणत होतों, तें आठ बाबींचें होतें.

झिजलेल्या गोष्टींत काळाचें काम फार सूक्ष्म असतें. आंसावरचें दांतेरी चाक नायलॉनचें होतें. असें चाक वर्षांनुवर्षें धातूच्या आंसावर घट्ट बसून राहिलें म्हणजे आकसतें आणि तडकतें. तडकलें कीं दोन दांतांमधील अंतर वाढतें आणि इंजिन प्रत्येक फेऱ्यास एकदां लंगडतें. वंगणाचा चिकट राळेसारखा गोळा झाला होता. डाख लावतांना वापरलेल्या आम्लाचा अंश सांध्यांत राहून पितळेवर जंगाल चढलें होतें. तें कोमट पाणी, साबू आणि खाण्याच्या सोड्याचें पाणी यांनीं, दांत घासण्याच्या मऊ ब्रशानें, सावकाश निघालें. जुनी मोटर बदलून नव्या तऱ्हेची, पोकळ गुंडाळीची लहान मोटर बसविली. जुनी ४०० मिलिॲंपिअर वीज खाई. नवी शंभराच्या आंत भागविते आणि मिनिटास कमी फेऱ्यांवरहि थरथरत नाहीं.

एक सांधा सुटला होता, त्याचें मात्र भय वाटत होतें. कथील आणि शिसें यांचा डाख सुमारें १८५ अंशांवर वितळूं लागतो. एक सांधा जोडावयास उष्णता द्यावी तर पितळ ती लगेच चहूंकडे पोंचवितें आणि शेजारचे, काकांनीं केलेले, सांधे सुटण्याचा संभव. उपाय साधा आहे: शेजारच्या सांध्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्या, डाखण्याचें यंत्र मोठें व चांगलें तापलेलें घ्यावें आणि काम तीन-चार सेकंदांत आटोपावें. लहान यंत्रानें बराच वेळ घासत बसलें तर सारा सांगाडा तापतो. भीतभीत केलेलें काम अधिक मोडतोड करतें, हा नियम डाखापुरताच आहे असें नाहीं.

यानंतर खरा पेंच आला. माझा एक माजी विद्यार्थी डोंबिवलीस लहानसा कारखाना चालवितो. संगणकावर आकृति काढून राळेचे थरावर थर देऊन वस्तु घडविणारें यंत्र त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, ‘गुरुजी, वहींतलीं मापें द्या, सबंध इंजिन एका रात्रींत काढून देतों. रिवेटसुद्धां अचूक येतील.’ तो खोटें बोलत नव्हता. त्याच्या यंत्राचे रिवेट काकांच्या रिवेटांहून नि:संशय सारखे आले असते. काकांच्या टाकीवरची एक ओळ शेवटीं किंचित् खालीं उतरली आहे.

मी दोन दिवस विचार केला. प्रश्न जुन्याचा आणि नव्याचा नव्हताच. नवी मोटर मीं आनंदानें घेतली होती. प्रश्न असा होता कीं, हें काम कशासाठीं चाललें आहे? मला माथेरानचें इंजिन हवें असेल तर त्या मुलाचें म्हणणें मान्य करणें हाच शहाणपणा. मला काकांचें इंजिन पुरें करावयाचें असेल तर त्यांची टाकी राहिली पाहिजे, उतरलेल्या ओळीसकट. शेवटीं अशी वांटणी केली: जें झिजलें तें बदलावयाचें, जें हरवलें तें नव्या साधनानें करून घ्यावयाचें, आणि जें शाबूत आहे तें आपल्याला अधिक सुबक करतां येतें एवढ्याच कारणासाठीं बदलावयाचें नाहीं. धुराडें आणि घुमट हरवले होते. ते त्या विद्यार्थ्यानें घडवून दिले आणि सुरेख दिले. अशा रीतीनें तो आमचा तिसरा भागीदार झाला.

राहिली अखेरची नोंद: मागचा आंस अडतो. वळणाची त्रिज्या २२८ मिलिमीटर, पहिल्या व शेवटच्या आंसांमधील अंतर २२ मिलिमीटर. अशा वळणावर मधल्या चाकास मध्यरेषेपासून किती सरकावें लागतें? अंतराचा वर्ग करावा आणि त्रिज्येच्या आठपटीनें भागावें. उत्तर पाव मिलिमीटराहून किंचित् अधिक येतें. क्लीन आणि लिंडनर यांची पोकळ आंसाची रचना या आकारांत करणें आमच्या हातांपलीकडचें. म्हणून आम्हीं उलट केलें होतें. टोकांचे आंस स्थिर आणि मधला बाजूस सरकणारा. मधला सरकतहि होता. मग मागचा कां अडावा? एका संध्याकाळीं मीं इंजिन वळणावर ठेवून, वीज न देतां, बोटानें केसभर केसभर पुढें ढकललें आणि भिंगांतून पाहत राहिलों. मधला आंस सरकला कीं जोडदांडा तिरपा होई; त्याचीं भोकें खिळ्यांवर इतकीं तंतोतंत होतीं कीं तिरपा झालेला दांडा मागच्या खिळ्यास चिमटीत धरी. दोष आंसाचा नव्हताच. काकांच्या कामाची अति चोखपणाची संवय तेथें आडवी आली होती. मधल्या खिळ्याशीं दांड्यास सांधा दिला, भोकें एक दशांश मिलिमीटरानें मोकळीं केलीं, आणि इंजिन वळणावरून निघून गेलें. वहींत त्या नोंदीखालीं मीं तारीख घालून कारण लिहिलें. एकतीस वर्षांच्या अंतरानें ती ओळ पुरी झाली.

चढाचा हिशेब अद्याप चालूच आहे. गाडी इंजिनासह दोनशें ग्रॅम भरली तर वीसांस एक या चढावर केवळ चढासाठीं दहा ग्रॅमांची ओढ लागते, घर्षण निराळें. इंजिन स्वतःच्या वजनाच्या सुमारें पांचव्या हिश्शाएवढें ओढूं शकतें, पुढें चाकें घसरतात. म्हणून टाक्यांत शिसें भरलें आहे. खऱ्या इंजिनाच्या टाकींत पाणी, आमच्या टाकींत शिसें. तूर्त तें दोन डबे घेऊन चढतें. तिसऱ्या डब्यास नकार देतें.

गेल्या दिवाळींत फळी, रूळ आणि इंजिन घेऊन काकूंकडे गेलों. त्यांनीं तें दोनदां वर जाऊं दिलें. मग म्हणाल्या, ‘चालतें खरें, पण फारच गुपचूप चढतें. ह्यांचें इंजिन धापा टाकीत असे.’ मला हें प्रशस्तिपत्र पुरेसें वाटलें, कारण त्यांनीं खऱ्याशीं तुलना केली होती.

श्रोतेहो, प्रत्येक अर्धें काम पुरें केलेंच पाहिजे, असा माझा आग्रह मुळींच नाहीं. माझ्याच माळ्यावर दुर्बिणीचा एक अर्धा घासलेला आरसा होता. तो मीं एका शाळेच्या मुलांस देऊन टाकला आणि मला हलकें वाटलें. अर्धी शाल उसवून त्या लोंकरीचे मोजे केले तरी त्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु टाकावयाचें कीं पुरें करावयाचें, हें ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारून पाहावे. काम ज्या कारणानें थांबलें तें कारण आज आहे काय? पुष्कळदां कारण केव्हांच निघून गेलेलें असतें आणि आपण केवळ संवयीनें थांबलेलों असतों. त्या कामांत आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात गुंतला आहे काय? असेल तर त्याचा वांटा कोठें संपतो आणि आपला कोठें सुरू होतो, तें पाहावें. आणि तिसरा प्रश्न, कोणी वाट पाहत आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आणखी दहा वर्षांनीं दिलीं तरी चालतील. तिसऱ्याचें उत्तर ‘होय’ असें असेल, तर मात्र पेटी या आठवड्यांतच खालीं काढावी, आणि पहिल्या दिवशीं कांहीं न करतां, शांतपणें, फक्त यादी करावी.